वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरला नवे ग्राफिक्स कार्ड

या खेपेला ‘कोणते कार्ड घेऊ?’ हाच प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला आहे. त्याचे उत्तर कार्डांच्या यादीत शोधून मिळत नाही. कॅबिनेट उघडा, एसएमपीएसवरचे (आत वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे) लेबल वाचा, स्लॉटपुढची मोकळी जागा पट्टीने मोजा आणि प्रोसेसरचा नंबर टिपून घ्या. एवढे केले की निम्मी कार्डे आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवडणे सोपे जाते.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर वापरतो. आय-५ ४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २९० वॅटचा एसएमपीएस. कार्डाला लागणारी वेगळी पॉवर केबल त्यातून निघतच नाही. १०८०पी वर बऱ्यापैकी गेम चालावेत एवढीच अपेक्षा. एसएमपीएस न बदलता जमेल का?

जमेल. मात्र निवड फक्त वेगळी केबल न लागणाऱ्या कार्डांतून करावी लागेल. पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टच्या लाइनवरून येतात, बाकीचे ३.३ व्होल्टवरून. जे कार्ड एवढ्यात भागवते ते तुमच्या कामाचे.

आजच्या घडीला या गटात पहिली पसंती आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीला. ती ७० वॅटवर चालते. नाव वाचून गफलत करू नका : त्याच नावाची ८ जीबी आवृत्ती १३० वॅटची आहे आणि तिला केबल लागतेच. दुसरा पर्याय जीटीएक्स १६५०, ७५ वॅट, ४ जीबी. इथेही एक मेख आहे. काही उत्पादकांनी चिपचा वेग थोडा वाढवून याच कार्डावर ६ पिनची जोडणी दिली आहे. खोक्यावरचे नाव तेच, पण ते तुमच्याकडे चालू होणार नाही. म्हणून विकत घेण्याआधी कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो पाहा. तिथे पॉवरचे सॉकेट दिसले तर ते बाजूला ठेवा. जीटीएक्स १०५० टीआय अजून जुन्या बाजारात भरपूर मिळते आणि विजेच्या हिशेबात बसतेही. पण ते पास्कल पिढीचे आहे, आणि एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेम ड्रायव्हरच्या नियमित आवृत्त्या ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देऊ, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ, असे जाहीर केले. १६५० त्यापुढच्या ट्युरिंग पिढीचे आहे. किमतीत थोडाच फरक असेल तर १०५० टीआय घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विजेचा हिशेब : प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७०, मदरबोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ४०-५०. बेरीज दोनशेच्या आसपास. ब्रँडेड मशिनांतले एसएमपीएस लेबलवर लिहितात तेवढे सहसा देतात, त्यामुळे २९० पुरतात. ज्या लेबलवर ५०० वॅट लिहिले आहे पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६-१८ अँपिअरच आहेत, अशा एसएमपीएसपेक्षा हा बरा. १८ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर यांच्या कामाचा आकडा तोच.

रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच घालून १६ करा. दोन पट्ट्यांमुळे मेमरी दोन वाटांनी चालते आणि गेम मध्येच अडखळणे कमी होते. काही वेळा कार्डाइतकाच फरक यानेही जाणवतो.

जागेबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. स्लॉटमागच्या पट्टीपासून पुढच्या हार्डडिस्कच्या जाळीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्यातून एक सेंटिमीटर वजा करा. कार्डाची लांबी त्याहून कमी हवी. कार्ड दोन स्लॉटांची जाडी घेते, तेव्हा लांब स्लॉटच्या शेजारी काय बसवले आहे तेही पाहा. आडव्या चपट्या कॅबिनेटचे मशीन असते तर अर्ध्या उंचीचे कार्ड आणि त्याची आखूड पट्टी शोधावी लागली असती. ३०५० (६ जीबी) आणि १६५० दोन्हींच्या तशा आवृत्त्या निघाल्या आहेत. चपट्या मशिनांत काही उत्पादक स्लॉटला ७५ पेक्षा कमी वॅट ठरवून देतात. तो आकडा मशिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

प्रश्न : दुकानदाराने ६ पिनचे कार्ड दिले आणि त्यासोबत साटा पॉवरपासून ६ पिन करणारा जोड दिला. म्हणतो, सगळे असेच लावतात. लावू का?

लावू नका. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. तिन्ही मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनच्या सॉकेटातून कार्ड ७५ वॅटपर्यंत खेचू शकते. गेम सुरू झाला की प्लग तापतो, प्लास्टिक मऊ होते, पिना सैल होतात, सैल पिन आणखी तापते. शेवट जळका वास येण्यात होतो, कधी त्याहून वाईट. एका साटावरून ८ पिन काढणारे जोडही विकले जातात. ८ पिनची क्षमता १५० वॅट, तेव्हा ते तर हातातही धरू नयेत.

जुन्या चार पिनी मोलेक्सच्या दोन प्लगांवरून ६ पिन करणारा जोड त्या मानाने बरा. त्यालाही अट आहे : दोन्ही प्लग एसएमपीएसपासून निघालेल्या वेगवेगळ्या वायरींवरचे हवेत. एकाच वायरीवरचे दोन प्लग जोडले तर सगळा भार त्या एकाच वायरीवर येतो. खरे तर ज्या एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनची केबल निघत नाही, तो त्या प्रकारच्या कार्डासाठी बनवलेलाच नाही. कार्ड बदला नाहीतर एसएमपीएस.

बदलायचे ठरले तर आधी मदरबोर्डवरची मुख्य जोडणी पाहा. ती नेहमीची २४ पिनी असेल तर कोणताही एटीएक्स एसएमपीएस चालतो. कित्येक ब्रँडेड मशिनांत तिथे ८ किंवा ६ पिनच असतात. त्यांना २४ पिनांवरून उतरवणारी खास केबल लागते आणि ती त्याच मॉडेलची असावी लागते. एसएमपीएसच्या सुट्या केबलींबाबत आणखी एक : एका कंपनीच्या मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नका. सॉकेटात बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि तसे असले तर पहिल्याच क्षणी कार्ड किंवा डिस्क जाते.

प्रश्न : नवे कार्ड लावले. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. जुने कार्ड परत लावले की सगळे ठीक. कार्ड खराब आहे का?

असेलही, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. आधी हे सगळे तपासा, याच क्रमाने.

मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच लावली आहे ना? मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये तशीच राहून गेलेली केबल हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे, आणि अनुभवी माणसेही यात फसतात. टॉवर उभा असेल तर मदरबोर्डचे पोर्ट वर आणि उभे, कार्डाचे त्यांच्या खाली आणि आडवे असतात.

मग कार्ड नीट बसले आहे का ते पाहा. मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. टॉर्च घेऊन बाजूने पाहिले की कार्डाच्या कडेची सोनेरी पट्टी स्लॉटात गेलेली दिसते. ती एका टोकाला दिसते आणि दुसऱ्या टोकाला दिसत नाही, असे असेल तर कार्ड तिरके आहे. बहुतेक वेळा दोष असतो धातूच्या पट्टीच्या खालच्या जिभेचा. ती मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांच्यामधल्या फटीत जाण्याऐवजी कडेवर टेकते, आणि वरून स्क्रू आवळला की कार्डाचे मागचे टोक दीड-दोन मिलिमीटर उचलले जाते. स्क्रू सोडा, जीभ फटीत घाला, कार्ड दोन्ही टोकांना सारखे दाबा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक् करून लागली पाहिजे. स्क्रू त्यानंतर.

पॉवर केबल : ६ किंवा ८ पिन पूर्ण आत गेली आहे का? इथे प्रोसेसरची ८ पिनी केबल कार्डाला लावण्याचा प्रकारही होतो. प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन. दोन्हींत १२ व्होल्ट आणि अर्थिंग नेमके उलट्या ओळींत असतात. घाटणी वेगळी असल्यामुळे सहज बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.

हे सगळे ठीक असेल तर प्रश्न बायोसचा, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा. जुन्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये पहिला डिस्प्ले कुठला, याची सेटिंग असते. ती ‘ऑटो’ किंवा पीसीआय एक्स्प्रेस वर हवी. जुन्या कार्डावर मशीन चालू करून ती बदला. आत जाता येत नसेल तर वायर काढून मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल पाच मिनिटे काढून ठेवा. मूळ सेटिंग परत येतील. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच मागत बसेल.

आता वयाचा मुद्दा. साधारण २०११-१२ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांत यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नाही, जुना बायोस आहे. नव्या कार्डांतला सुरुवातीचा प्रोग्रॅम यूईएफआय धरून लिहिलेला असतो, आणि काही कार्डे जुन्या बायोसवर चित्र देतच नाहीत. अशा बोर्डाला उत्पादकाच्या संकेतस्थळावर शेवटचे अपडेट आहे का ते पाहा. नसेल तर एखाद-दोन पिढ्या जुने कार्ड घेणे हाच मार्ग. याच्या उलट प्रकारही होतो : बोर्ड नवा, सीएसएम (जुन्या बायोससारखे चालण्याची सोय) बंद, आणि कार्ड इतके जुने की त्यात यूईएफआयचा भागच नाही. तिथे सीएसएम चालू करावे लागते.

कार्ड दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवरही चित्र देत नसेल तर ते खराब आहे. परत करा.

प्रश्न : जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) मध्ये माझ्या कार्डापुढे ‘पीसीआय एक्स्प्रेस x१६ ३.०’ आणि त्यापुढे ‘x१६ १.१’ असे दिसते. स्लॉट खराब झाला का?

नाही. x१६ म्हणजे माहिती नेणाऱ्या सोळा वाटा (लेन), आणि ३.० किंवा १.१ हा त्यांच्या वेगाचा टप्पा. काम नसताना कार्ड वीज वाचवण्यासाठी स्लॉटचा वेग खाली आणते. त्या ओळीच्या शेजारी प्रश्नचिन्हाचे बटण आहे. ते दाबून छोटी चाचणी सुरू करा, आकडा लगेच ३.० होईल. काळजी करायची ती चाचणी चालू असताना x१६ च्या जागी x८ किंवा x१ दिसले तर. त्यावेळी कार्ड काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटातली धूळ हवेने उडवा. तरीही तसेच राहिले तर कार्ड दुसऱ्या लांब स्लॉटात तर नाही ना ते पाहा. पुष्कळ बोर्डांवर खालचा लांब स्लॉट आतून चारच लेनचा असतो. कार्डच मुळात आठ किंवा चार लेनचे असेल, तर मात्र x८ किंवा x४ दिसणे बरोबर आहे.

प्रश्न : आय-५ २५०० चे मशीन आहे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

तुमच्या मशिनसाठी नको. दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २.० चा. ६५०० एक्सटी दिसायला पूर्ण लांबीचे असले तरी त्याला लेन चारच आहेत. ४.० च्या स्लॉटात त्या चार लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी नेतात, ३.० मध्ये ४ जीबी, तुमच्याकडे २ जीबी. कार्डावर मेमरी ४ जीबीच. ती भरली की उरलेले टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) कॉम्प्युटरच्या रॅममधून याच अरुंद वाटेने आणावे लागते आणि गेम दर काही सेकंदांनी ठेचकाळतो. आरएक्स ६४०० ची अडचण हीच. तुमच्या स्लॉटाला सोळा लेनचे कार्ड हवे, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५०, २.० वर सुद्धा त्याला सेकंदाला ८ जीबीची वाट मिळते.

दुसरे असे की २५०० मध्ये एव्हीएक्स-२ या सूचना नाहीत. त्या चौथ्या पिढीपासून आल्या. काही नवे गेम त्यांच्यावाचून सुरूच होत नाहीत, मग कार्ड कोणतेही असो. त्यामुळे या मशिनवर महागडे कार्ड घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आरटीएक्स ४०६० घेतले, प्रोसेसर आय-५ ४५९० च. गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) जुन्या कार्डापेक्षा फारसे वाढले नाहीत. कार्ड बनावट तर नाही?

बनावट नाही, कार्ड बसून राहते आहे. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर पाहा. कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि प्रोसेसरचे चारही कोर ९५ च्या वर असतील, तर अडथळा प्रोसेसरचा. फक्त एकूण टक्केवारी पाहू नका. आलेखावर उजवे बटण दाबून प्रत्येक कोर वेगळा दाखवा. एक कोर शंभरावर आणि बाकीचे चाळिसावर असले तरी गेम त्या एकाची वाट पाहत थांबतो.

सोपी चाचणी : रेझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि गेममधली एफपीएसची मर्यादा बंद आहे ना ते पाहा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक चालू असेल तर कुठलेही कार्ड ६० च्या वर जाणार नाही.

आता उपाय. गर्दी, गाड्या, सावल्या आणि दूरवरचे दृश्य या सेटिंग प्रोसेसरला जड पडतात. त्या कमी करा. टेक्स्चर, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणे) आणि रेझोल्यूशन यांचा भार कार्डावर असतो. ते बिनधास्त वाढवा. एफपीएस वाढणार नाहीत, पण चित्र सुधारेल आणि पैसे वसूल होतील. त्याच बोर्डावर चार कोर-आठ थ्रेडचा आय-७ ४७७० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ बसत असेल तर जुन्या बाजारात शोधा. झिऑन घेण्याआधी बोर्डाच्या बायोसला तो ओळखता येतो का, हे उत्पादकाच्या यादीत बघा. ब्रँडेड मशिनांत पुष्कळदा येत नाही. आणि एफपीएस स्थिर हवे असतील तर ते ४५ किंवा ५० वर स्वतःच बांधून टाका. सरासरी ७० पण मध्येच २५, यापेक्षा अखंड ४५ डोळ्यांना बरे.

४०६० ची निवड चुकली असे नाही. ११५ वॅटचे कार्ड आहे, पुढच्या मशिनमध्ये तसेच उचलून नेता येईल.

प्रश्न : जुन्या बाजारातून जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी घेतले. डेस्कटॉप दिसतो, पण कुठलाही गेम पाच मिनिटांत बंद पडतो आणि रंगीत चौकोन येतात. कार्डाला एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए असे तिन्ही पोर्ट आहेत.

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. पास्कल पिढीच्या चिपमध्ये व्हीजीएसाठी लागणारे अ‍ॅनालॉग चित्र निघतच नाही, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतो. तुमच्याकडचे कार्ड बहुधा जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय आहे, आणि त्याच्या बायोसमध्ये नाव आणि मेमरीचा आकडा बदलला आहे. खरी मेमरी १ जीबी; गेम त्याच्या पुढे गेला की रंगीत चौकोन.

खातरजमा करायची तर जीपीयू-झेडची २.१२ किंवा नंतरची आवृत्ती चालवा. अशा कार्डांच्या नावापुढे ते स्वतःच ‘फेक’ लिहिते. शेडरचा (चिपमधल्या गणन-घटकांचा) आकडाही पाहता येईल : खऱ्या १०५० टीआयचे ७६८, ५५० टीआयचे १९२. कूलर उघडलाच तर चिपवर जीपी१०७ हवे. जीएफ ने सुरू होणारा नंबर म्हणजे २०१०-११ च्या फर्मी पिढीची चिप. तिचा मूळ बायोस परत भरता येतो, पण भरून करणार काय? नियमित ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले आणि नव्या गेमना लागणारे व्हल्कन हे ग्राफिक्सचे तंत्र तिला कळत नाही. पैसे परत मागा.

जुने कार्ड घेताना ते चालू मशिनवर पाहूनच घ्यावे. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, मग पंधरा मिनिटे फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी). तापमान चढून एका आकड्यावर स्थिरावले पाहिजे, पंखे घासता कामा नयेत, पडद्यावर ठिपके नकोत. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडर २३०४ आहेत का बघा. २०४८ असलेले कार्ड बनावट नसते, पण ती कमी ताकदीची वेगळी आवृत्ती आहे आणि किंमतही तशीच हवी. मायनिंगसाठी बनवलेल्या पी१०६-१०० सारख्या कार्डांना मॉनिटरचे पोर्टच नसतात. फोटोत कार्डाची मागची पट्टी दाखवलेली नसेल तर मुद्दाम मागा.

प्रश्न : मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए. नव्या कार्डाला कसा जोडू?

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टपासून व्हीजीए करणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, म्हणजे आत चिप असलेला. डीव्हीआयला लागणारा चपटा, बिनचिपचा जोड चालणार नाही. नव्या कार्डांवरचे डीव्हीआय, असलेच तर, फक्त डिजिटल असते. त्याच्या आडव्या लांब भोकाभोवती चार छोटी भोके नसतात, ती त्याची खूण.

प्रश्न : गेम खेळत नाही. तिसऱ्या पिढीच्या आय-३ वर ४के व्हिडिओ अडकतात. जीटी ७१० घालू का?

नको. ७१० चे एचडीएमआय १.४ आहे, ४के ला ३० हर्ट्झवरच थांबते, आणि यूट्यूबचे व्हीपी९ या प्रकारातले व्हिडिओ ते स्वतः उलगडू शकत नाही. काम पुन्हा प्रोसेसरवरच येते. जीटी १०३० घ्या. ३० वॅट, ४के ६० हर्ट्झ, व्हीपी९ आणि १० बिटचे एचईव्हीसी हे दोन्ही व्हिडिओ-प्रकार चिपवरच उलगडतात. जीडीडीआर५ मेमरीचेच घ्या. डीडीआर४ चे १०३० त्याच नावाने विकले जाते आणि त्याच्या मेमरीचा वेग जवळपास एकतृतीयांश आहे. एव्ही१ या नव्या प्रकारातले व्हिडिओ १०३० ला जमत नाहीत. ते हवे असतील तर आरटीएक्स ३०५० पासून पुढे पाहावे लागेल. इंटेलचे आर्क ए३८० एव्ही१ उत्तम हाताळते, पण ते रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) असलेल्या नव्या बोर्डांसाठी बनवले आहे, म्हणून तुमच्या मशिनसाठी त्याची शिफारस करत नाही.

प्रश्न : एनव्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे घालायचे आहे. विंडोज पुन्हा टाकावे लागेल का?

लागणार नाही. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ही मोफत सोय घ्या. इंटरनेटची वायर काढा, नाहीतर विंडोज मधल्या वेळात स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळे होते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा; तिथे लॉगिनचा पिन नंबर चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो माहीत असू द्या. जुन्या कंपनीचे नाव निवडून ‘साफ करून बंद करा’ हा पर्याय दाबा. मशीन बंद झाले की कार्ड बदला, चालू करून नवा ड्रायव्हर टाका, मग इंटरनेट. एकाच कंपनीचे कार्ड बदलताना एवढे करायची गरज नसते, ड्रायव्हरमधली ‘क्लीन इन्स्टॉल’ची खूण पुरते.

नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसला तर ड्रायव्हर पुन्हा साफ करून टाका. तरीही तोच कोड येत असेल तर कार्डाचा बायोस कुणीतरी बदलला असण्याची दाट शक्यता आहे. कोड १२ म्हणजे बोर्डाकडे पत्त्यांची जागा कमी पडते. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ असेल तर चालू करा. त्यासाठी कधी सीएसएम बंद करावे लागते, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेल्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते सुरूच होणार नाही. आधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड पाहा. ‘लेगसी’ लिहिले असेल तर बॅकअप घेऊन विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी साधनाने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदला, मगच सीएसएमला हात लावा.

प्रश्न : नवे कार्ड घातले तर मशीन विंडोज ११ साठी पात्र होईल का?

नाही. अडतो तो प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). इंटेलची यादी, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते.

प्रश्न : पाच वर्षे वापरलेले जीटीएक्स १६५० गेममध्ये ८८ अंशांवर जाते आणि पंखे ओरडतात. चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलू का?

आधी धूळ. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. हवेच्या जोराने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग खराब होते. कॅबिनेटचे झाकण काढून तोच गेम चालवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरले तर दोष कार्डाचा नसून कॅबिनेटमधल्या हवेचा आहे : मागे हवा बाहेर टाकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा लावा.

झाकण काढूनही ८८ च असेल तर पेस्ट. कार्ड पालथे घाला, चिपभोवतीचे स्प्रिंगचे चार स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी सोडा. कूलर ओढून उपटू नका. हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा आणि पंख्याची बारीक वायर प्लग धरून काढा, वायर ओढून नव्हे. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले नसतील तर तसेच राहू द्या. फाटले तर मूळच्याच जाडीचे आणा. जाडी अर्ध्या मिलिमीटरने जास्त झाली तरी कूलर चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. पेस्ट बदलून बिघडले अशा तक्रारींमागे बहुधा हेच असते. चिप अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी पेस्ट मध्यभागी ठेवा, स्क्रू पुन्हा समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. स्प्रिंग दबून स्क्रू आपोआप थांबतो, तिथे थांबा.

हे करायचे नसेल तर आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडेच कमी होतात, तापमान आणि आवाज मात्र बराच उतरतो.